काळजीची वेळ

मी बस स्थानकावर घोषणा करते. फलाटांच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर काचेची एक खोली आहे, तिच्यात बसून. कोणती गाडी कुठे लागली, कोणती उशिरा येणार, कुणाचं लेकरू चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं मी खणखणीत आवाजात जगाला सांगते. ऐकणाऱ्याला वाटावं, काय ठाम बाई आहे! आणि हीच ठाम बाई घरी आली की संध्याकाळी जेवायला काय करायचं हे ठरवताना घामाघूम होते. स्वयंपाक येत नाही असं नाही. पण काल जे केलं ते नवऱ्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं नव्हतं. ते आवडलं नाही म्हणून, की पोट भरलं म्हणून? पोट भरलं असेल तर तो बाहेर काही खाऊन आला होता का? आणि खाऊन आला होता तर मला बोलला का नाही? इथपर्यंत जाऊन आल्याशिवाय माझा हात सुरीला लागत नाही.

नवऱ्याचं याच्या अगदी उलट. त्याचं गाद्यांचं दुकान आहे. गादी कशी आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायला तो तिच्यावर आडवा होतो, आणि पुष्कळदा गिऱ्हाइकालाच त्याला हलवून उठवावं लागतं. ती गादी हमखास विकली जाते. आमच्या घरात डोकं शांत ठेवायचं काम त्याच्याकडे आणि उरलेलं सगळं माझ्याकडे, अशी वाटणी लग्नापासूनच झाली आहे.

तर असं सगळं नेहमीसारखं चाललं असताना एक दिवस एक दंतवैद्य माझ्या खोलीत आले. ते रोजचे प्रवासी. गाडीत विसरलेल्या चष्म्याची चौकशी करायला वर चढून आले होते. चष्मा मिळाला. जाता जाता ते दारात थांबले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज फार सुरेख आहे हो. मी रोज ऐकतो. फक्त एक, घोषणा करायच्या आधी दर वेळी तुम्ही एक आवंढा गिळता. अगदी बारीक. माझा धंदाच तोंडातला, म्हणून माझ्या कानाला लागतो. बाकी कुणाला कळायचंसुद्धा नाही."

ते बिचारे कौतुक करून गेले. मी मात्र संपले.

त्यानंतरच्या पहिल्याच घोषणेला मी माईक सुरू केला, तोंड उघडलं आणि घशात तो आवंढा उभा. गिळावा तर सगळ्या स्थानकाला ऐकू जाणार. न गिळावा तर बोलता येईना. शेवटी मी माईकपासून तोंड फिरवलं, गिळला, आणि वळून बोलायला लागेपर्यंत दुसरा हजर. दिवसभर मी सूर्यफुलासारखी मान इकडून तिकडे फिरवत होते. खोलीत एक छोटा स्पीकर होता, आपली घोषणा आपल्याला ऐकू यावी म्हणून लावलेला. त्यातून माझे आवंढे मलाच ऐकू यायला लागले, म्हणून मी तो बंदच करून टाकला. या एका कामाबद्दल पुढे मला स्वतःचे कान पकडावेसे वाटले, पण ते नंतर.

घरी जेवताना मी हे नवऱ्याला आणि लेकीला सांगितलं.

"आवंढा सगळेच गिळतात," नवरा म्हणाला.

"हो, पण किती वेळा? आता तूच बघ, तू बोलायच्या आधी गिळलास."

"मी?"

"आणि आत्ताही."

तो थांबला. तोंडात घास होता. तो चावत राहिला, चावत राहिला, आणि मला त्याच्या डोळ्यांत दिसलं की आता पुढे काय करायचं असतं हे तो विसरला आहे. मग तो घास चुकीच्या वाटेने गेला आणि त्याला असा ठसका लागला की लेकीला उठून त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले. जन्मात कशाचा विचार न केलेला माणूस, पण त्या आठवड्यात तो जेवताना माझ्याकडे पाठ करून बसायचा.

"आई, तुझं हे पसरतं गं," लेक म्हणाली. "तुला खरं म्हणजे वेगळं ताट आणि वेगळी खोली द्यायला हवी."

तिने ते हसत हसत म्हटलं. ते खरंच हसण्यावारी होतं का, याचा विचार मी नंतर भांडी घासताना सवडीने केला.

शेवटी नवऱ्याने आपल्या बहिणीला फोन केला. माझी नणंद एका वाचनालयात काम करते आणि मन शांत ठेवण्याच्या कुठल्याशा वर्गाला जाते. ती खरोखरच शांत आहे. तिच्या अंगावर गरम चहा सांडला तरी ती आधी कप नीट ठेवेल, मग "हाय" म्हणेल. ती लगोलग आली आणि मला पलंगावर ताठ बसवलं.

"वहिनी, डोळे मिटा. विचार आला की त्याला अडवायचं नाही. आकाशात ढग येतो आणि जातो, तसं नुसतं बघायचं."

मी डोळे मिटले. पहिला ढग आला. तो जातोय की नाही म्हणून मी बघत बसले. जात नव्हता. म्हणजे वारा पडला असेल. की मीच त्याला धरून ठेवलाय? मग मागून आणखी ढग आले आणि अडकून बसले. थोड्या वेळात माझ्या आकाशात गर्दीच्या वेळी फलाटावर होते तशी कोंडी झाली आणि मी डोळे मिटूनच कोणता ढग आधी सोडायचा ते ठरवायला लागले.

"काय दिसतंय?" नणंदेने विचारलं.

"सगळ्या गाड्या उशिरा आहेत," मी म्हटलं.

मग तिने श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. ही तर तिची मोठीच चूक होती. आवंढ्याकडे लक्ष गेल्यावर माझं काय झालं हे नुकतंच सगळ्या घराने पाहिलं होतं. श्वासाकडे लक्ष दिल्याबरोबर तो आपोआप चालेना. आता हाही आयुष्यभर आपल्यालाच ओढावा लागणार, या भीतीने मी धापा टाकायला लागले आणि नणंदेने घाईघाईने तो प्रकार थांबवला.

तिने मला पाणी दिलं. मग म्हणाली, "वहिनी, तुमच्यासाठी वेगळं औषध. तुम्ही काळजी करू नका असं मी म्हणतच नाही. करा. पण दिवसात एक वेळ ठरवून करा. बाकीच्या वेळात काळजी आली की तिला सांगायचं, आत्ता नाही, तुझ्या वेळेला ये. आणि त्या वेळेला काळजी मनात नाही करायची, मोठ्याने करायची. स्पष्ट शब्दांत. आपल्याच कानांनी ऐकलं की कळतं, कशात दम आहे आणि कशात नाही."

हे मला पटलं. वेळापत्रक म्हटलं की मला बरं वाटतं, तो माझा धंदा आहे. घरात मोठ्याने बोलायची सोय नव्हती. नवऱ्याच्या घशावर आधीच परिणाम झाला होता. म्हणून मी दुपारची वेळ धरली. दुपारी जेवणानंतर स्थानकावर गाड्या कमी असतात, काचेची खोली बंद असते, आवाज आत येत नाही की बाहेर जात नाही. दार लोटायचं, खुर्ची मागे सारायची आणि सुरू करायचं.

आणि खरं सांगते, गुण आला. पहिल्या दिवशी मी मोठ्याने म्हटलं, "लेकीच्या मैत्रिणीची आई रस्त्यात भेटली तेव्हा 'तुम्ही बारीक झालात' म्हणाली, म्हणजे मी आधी किती जाड दिसत असेन." ते वाक्य त्या रिकाम्या खोलीत इतकं केविलवाणं वाटलं की माझं मलाच हसू आलं. मनात असताना हीच गोष्ट चांगली दणकट असायची. बाहेर आली की पावसात भिजलेल्या मांजरासारखी अर्धी व्हायची. हळूहळू सकाळच्या काळज्यांना मी "दुपारी या" म्हणून परत पाठवू लागले, आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणी दुपारी यायला विसरायच्या. आवंढा मात्र नेमाने यायचा.

एकच काळजी अशी होती की मोठ्याने बोलूनही ती लहान होईना. ती माझ्या ताईची. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. तिची लाँड्री आहे. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर आई तिच्याकडे राहायला गेली. आईचं सामान हलवलं त्या दिवशी मीही गेले होते. निघताना ताई दारापर्यंत आली आणि म्हणाली, "तुझं काय बाई, तुझं बरं आहे." बस, एवढंच. त्या वाक्याला वर्ष होत आलं होतं. मी ते सगळ्या बाजूंनी उलटंपालटं करून पाहिलं होतं. ते प्रेमाने होतं, की टोमणा होता, की नुसतंच बोलायचं म्हणून बोलली होती? विचारायची सोय नव्हती, कारण टोमणा नसेल तर विचारल्यावर तिला लागणार आणि असेल तर मला. त्यामुळे मी तिच्याकडे जाणंच कमी केलं होतं. आईला फोन करायचे आणि ताईने फोन उचलला तर हवापाण्याचं बोलायचे.

मग तो दिवस आला. दुपारी मी जेवून परत आले तेव्हा खोलीत एक तंत्रज्ञ वाकून बसला होता. जुना माईक काढून त्याने नवा बसवला होता. जुन्या माईकला एक दांडी होती. ती खाली ओढली की लाल दिवा लागायचा, म्हणजे आवाज बाहेर चालला. नव्याला दांडी नव्हती, एक बटण होतं आणि दोन दिवे. तंत्रज्ञाने मला सगळं नीट समजावून सांगितलं. मीच ऐकलं नाही. कारण सांगता सांगता त्याची नजर माझ्या चहाच्या कपाकडे गेली, आणि त्याला चहा विचारायला हवा होता का, आता विचारला तर उशिरा सुचल्यासारखं दिसेल का, यात मी गुंतले. त्याने "हॅलो, हॅलो" करून माईक तपासला, हत्यारं आवरली आणि तो गेला. मी बघितलं, हिरवा दिवा लागला होता. हिरवा म्हणजे काही धोका नाही. मी दार लोटलं, खुर्ची मागे घेतली, घसा साफ केला.

"हं. आजची पहिली काळजी," मी म्हटलं. सवयीने माझा स्वर घोषणेचाच लागायचा. "समोरच्या घरातल्या बाईंनी काल मी पोचायच्या आत लिफ्टचं दार लावून घेतलं. त्यांनी मला पाहिलं नव्हतं, की पाहिलं होतं म्हणूनच लावलं? दोन पावलं आधी त्यांनी मागे बघितलं होतं. पण त्यांना लांबचं दिसत नाही. पण मग त्या बाल्कनीतून खालच्या भाजीवाल्याला नावानिशी हाका कशा मारतात?"

हे बरं जमलं असं वाटून मी लेकीवर आले. ती फोन घेऊन गच्चीत जाते आणि हसते. ती हसते याचं मला वाईट वाटत नाही, पण आत आल्यावर हसणं गच्चीतच का ठेवून येते? मग नवरा. तो हल्ली "मीठ कमी आहे" म्हणायच्या आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो, म्हणजे तो मला घाबरतो का; आणि घाबरत असेल तर मी इतकी भीतिदायक कधी झाले? बोलता बोलता माझी नजर खाली गेली. फलाटावर बरेच जण माना वर करून बघत होते. "लोक आज वर का बघताहेत?" मी म्हटलं. "छताला काहीतरी झालं असणार. ते पडलं तर माझी खोली आधी जाईल." तेवढ्यात मला आमचे वाहतूक नियंत्रक दिसले. गाड्या वेळेवर सोडायचं काम त्यांचं. ते लांब फलाटाच्या टोकाला उभे राहून दोन्ही हात जोरजोरात हलवत होते. "नियंत्रक साहेब कुणावर तरी चिडलेले दिसतात," मी पुढे म्हटलं. "बहुतेक माझ्यावरच. ते माझ्याशी बोलताना सारखे घड्याळाकडे बघतात. मी इतकी कंटाळवाणी आहे का? असेन. आता पळत कुठे निघाले? गुडघे दुखतात म्हणत होते ना? म्हणजे ते दुखणंही माझ्या खोलीचा जिना टाळण्यापुरतंच."

आणि मग मी ताईवर आले. ते वाक्य मी तिच्या आवाजात म्हणून दाखवलं, आधी प्रेमाने, मग टोमण्याने, मग नुसतं. "सरळ जाऊन विचारलं तर काय होईल?" मी म्हणाले. "पण मी काही विचारणार नाही. मी फक्त विचार करणार. मला दुसरं येतं काय?"

दार धाडकन उघडलं. नियंत्रक साहेब चौकटीला धरून उभे होते. चेहरा लालबुंद, धाप लागलेली.

"बाई... माईक... चालू आहे!"

मी दिव्याकडे बघितलं. हिरवागार. आणि खोलीतला स्पीकर तर मीच बंद करून ठेवलेला.

"कधीपासून?"

"लिफ्टपासून," ते म्हणाले आणि पुढे होऊन त्यांनी बटण दाबलं. हिरवा गेला, लाल लागला. मग गुडघे चोळत माझ्या खुर्चीवर बसले. "आणि मी घड्याळाकडे बघतो ते गाड्यांसाठी हो. तेच तर काम आहे माझं."

मी खालीच बसले. काचेच्या खोलीत तोंड लपवायला जागा नसते. मी टेबलाखाली सरकले.

"खालून पाय दिसताहेत तुमचे," साहेब म्हणाले.

मी पाय आत घेतले. तिथे, टेबलाखाली, मी वाट बघत होते की आता डोक्यात विचारांचा लोंढा येणार. नोकरी जाणार, लोक हसणार, लेक माझ्याशी बोलणार नाही. पण डोक्यात चक्क काही नव्हतं. जन्मभर ज्या नाचक्कीच्या भीतीने मी जगत आले होते ती येऊन गेली होती, आणि तिच्यानंतरचं माझ्याकडे काहीच तयार नव्हतं.

"बाई, गाडी सुटायची वेळ झाली," साहेबांनी टेबलावर टकटक केलं. "प्रवासी चढत नाहीयेत. तुम्ही बोलल्याशिवाय हलणार नाहीत ते. ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून ऐकत उभा आहे."

मी बाहेर आले, कपडे झटकले, बटण दाबलं आणि गाडीची घोषणा केली. खालून कुणीतरी एकच टाळी वाजवली. लोक चढले, गाडी सुटली. घोषणेच्या आधी मी आवंढा गिळला की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. विचारायला गेले असते तर साहेबांनी जिन्यावरून ढकलून दिलं असतं.

लगेच स्थानकप्रमुखांचं बोलावणं आलं. त्यांचं कार्यालय पलीकडच्या टोकाला, म्हणजे सगळे फलाट ओलांडून जायचं. मी मान खाली घालून निघाले. वाटलं होतं, लोक दुतर्फा उभे राहून बोटं दाखवतील. पण अर्ध्या लोकांना पत्ताच नव्हता. ते आपापले डबे खात होते, फोनवर भांडत होते, पेंगत होते. एका आजोबांनी मला थांबवून विचारलं, "अहो, मघाशी ते लिफ्टचं काहीतरी सांगत होते. इथे लिफ्ट कुठे आहे? मला जिने चढवत नाहीत." मी नाही म्हटल्यावर ते माझ्यावरच वैतागले. मी इतकी वर्षं एकेक शब्द तोलून मापून बोलत आले आणि लोकांनी तो असा ऐकला होता. खरं सांगायचं तर लोक हसले असते त्यापेक्षा हे जास्त लागलं.

तेवढ्यात बाकावरच्या एका बाईंनी मला हाक मारली. मांडीवर सूटकेस धरून बसल्या होत्या. "तुम्हीच ना त्या वरच्या?"

मी कबूल केलं.

"मग? बहिणीला विचारणार की नाही?"

"ते... बघते अजून."

"अहो, बघते काय? माझी गाडी उशिरा आहे म्हणून बरं, नाहीतर हे अर्धवट डोक्यात घेऊन मला तीन गावं पार करावी लागली असती. मला टोमणाच वाटतो. ह्यांना विचारलं तर हे म्हणतात प्रेमाने." त्यांनी शेजारच्या नवऱ्याकडे मान हलवली. तो फोनवरून डोळे न काढता म्हणाला, "प्रेमानेच." "बघा. आता आम्ही वाटभर भांडणार. विचारून टाका हो."

स्थानकप्रमुखांच्या दारात मी माफीची भाषणं मनात जुळवत उभी राहिले. एक रडवेलं होतं, एक बाणेदार होतं आणि एकात सगळा दोष तंत्रज्ञावर होता. ते जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "त्या बटणावर चालू-बंद लिहून कागद चिकटवा. आणि पुन्हा असं नको."

"साहेब, मी..."

"दार लावून घ्या जाताना, माशा येतात."

झालं. एवढ्यात संपलं. बाहेर आल्यावर सवयीप्रमाणे मी "माशा येतात" याचा अर्थ लावायला सुरुवात केली आणि दोन पावलांतच थांबले. माशा येत होत्या. मी पाहिल्या होत्या.

कामाची वेळ संपल्यावर मी घरी न जाता ताईच्या लाँड्रीत गेले. थांबले असते तर माझा विचार बदलला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. कुठल्याशा हॉटेलचं काम आलेलं असावं. पांढऱ्या चादरींचे ढीग लागले होते आणि ताई वाफेच्या इस्त्रीसमोर उभी होती. मला बघून तिने भुवया उचलल्या.

"आज कशी वाट चुकलीस गं चिमे? आई वर आहे."

"तुझ्याकडेच आलेय. एक विचारायचंय." आणि मी एका दमात विचारून टाकलं. "आईचं सामान हलवलं त्या दिवशी तू मला म्हणालीस, तुझं काय बाई, तुझं बरं आहे. तो टोमणा होता का?"

ताईने इस्त्री बाजूला ठेवली. क्षणभर तिने छताकडे बघून आठवलं. आता ही "मी असं म्हटलं? मला तर काही आठवत नाही" म्हणणार, आणि माझं अख्खं वर्ष पाण्यात जाणार, अशी मी तयारी केली.

"हो," ताई म्हणाली. "टोमणाच होता."

"टोमणा होता?"

"होताच. मग? मी आणि तो हमाल आईचं कपाट जिन्यावरून चढवत होतो, पाठीचा काटा ढिला झाला होता माझा, आणि तू आत बसून आईच्या खोलीला कोणत्या रंगाचा पडदा शोभेल यावर डोकं खाजवत होतीस. संध्याकाळपर्यंत तुझा एक रंग ठरला नाही."

"मोरपंखी भिंतींना निळा शोभत नव्हता," मी म्हटलं. पण मला आतून एवढा आनंद झाला होता की सांगता येत नाही. "म्हणजे मी बरोबर होते! मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं!"

"वेडी आहेस का? टोमणा मारला म्हटल्यावर खूश काय होतेस?"

"वर्षभर विचार करतेय मी त्याचा."

ताईचा चेहरा बदलला. "म्हणून येत नव्हतीस? चिमे, मला वाटलं, आई माझ्याकडे आली म्हणजे तू सुटलीस. फोन करतेस, आईशी बोलतेस, मी घेतला की ऊन किती आहे ते सांगतेस. मला इतका राग यायचा. मीही कुणाला बोलले नाही."

तीन अर्थांची तयारी केली होती मी, पण त्यातल्या एकातही तिला माझी वाट बघताना धरलं नव्हतं. "तेव्हाच तोंडावर का नाही बोललीस?" मी विचारलं.

"बोलले की! तोच तर टोमणा होता."

मला हसू फुटलं आणि तिलाही. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली की वाफ जाते डोळ्यांत. वरून आईने हाक मारली, "कोण आलंय गं?"

"तुझी धाकटी!" ताई ओरडली. "कामाला आलीय!" मग तिने एका ढिगातली चादर उचलून दोन टोकं माझ्या हातात दिली. "धर. नुसती उभी राहू नकोस. आणि रविवारी आईला फिरायला न्यायचंय, ते तू ने. रंग विचारू नकोस, रस्ता विचारू नकोस. ने आणि परत आण."

आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो. चादर ताणायची, झटकायची, टोकाला टोक लावत जवळ यायचं, तिच्या हातात द्यायचं, खालची कड उचलून पुन्हा मागे जायचं. पहिल्या दोन-चार चादरींना मी चुकीच्या हाताने घडी घातली आणि शिव्या खाल्ल्या. मग हात बसला. चादर अजून कोमट होती. ढीग कमी होत गेला. ताई आईच्या तक्रारी सांगत होती, मी हं हं करत होते, आणि मधेच माझ्या लक्षात आलं की बराच वेळ माझ्या डोक्यात दुसरं काहीच चाललं नव्हतं. हेच ते का? नणंद म्हणते ती शांतता? की मी नुसती दमलेय? आणि दमल्यामुळे आलेली शांतता धरायची का...

"टोक सोडलंस," ताई म्हणाली.

मी वाकून टोक उचललं आणि मागे सरकले.